आधी एनओसी, मग किक!

हॉस्टेलवर आरएक्स १०० चं वेड भारी! १९९६ साली बंद झालेली ही गाडी कर्नाटकात स्वस्त मिळाली की आपण आवाजावरच फिदा. पण तिथल्या आरटीओची एनओसी नसेल तर ती इथे आपल्या नावावर होत नाही, आणि बारा महिन्यांपलीकडे परराज्याचा नंबर चालत नाही. 'एनओसी मागाहून पाठवतो' म्हणणारा पैसे मिळाल्यावर फोन उचलेल? मला तरी शंकाच आहे. त्याला एवढंच सांगा, की अपघात झाला तर भरपाईला जबाबदार नोंदीतला मालक, असं सुप्रीम कोर्टानेच २०१८ मध्ये म्हटलंय. म्हणजे घाई त्यालाच हवी! चेसिस नंबर मात्र स्वतः आरसीशी ताडून बघा. तो घासलेला दिसला तर गाडी फुकटातही नको.