ड्रायसूटच्या आत काय घालावे?

आइसलँडमधील सिल्फ्रा येथे पाण्याचे तापमान वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असते. अशा पाण्यात डायव्हिंग करणार असाल, तर एक गैरसमज आधी दूर करा. पातळ कापडाचा ड्रायसूट पाणी बाहेर ठेवतो, पण ऊब देत नाही. ऊब देते ती आतल्या कपड्यांत अडकलेली हवा.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचून घेते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंशांखाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याआधीच बोटे बधिर होतात आणि व्हॉल्व्ह नीट हाताळता येत नाही. वर येताना शरीर गारठलेले असेल, तर साठलेला नायट्रोजन हळू बाहेर पडतो आणि डीकॉम्प्रेशन सिकनेसचा धोका वाढतो.

मग महागडे खास कपडेच घ्यावेत का? माझ्या मते तशी गरज नाही. अंगालगत पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीसचे जॅकेट व पॅन्ट आणि पायात लोकरीचे मोजे पुरेसे ठरू शकतात. सुती बनियन मात्र टाळा. ते घामाने ओले होते आणि अंग गार पडते. फार घट्ट कपडेही नकोत, कारण त्यांत हवा राहत नाही. थर वाढवले की शिशाचे वजनही वाढवावे लागते. म्हणून आधी उथळ पाण्यात प्रशिक्षकासोबत चाचणी घ्या.

कपड्यांवर पैसे जरूर वाचवा. पण हुडहुडी भरली, तर डाइव्ह तिथेच थांबवा.