नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतोय? घाबरू नका, पण महापालिकेला हा प्रश्न विचारा

पावसाळ्यात नळाच्या पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास येऊ लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतो, ‘क्लोरीनमुळे कॅन्सर होतो!’ यात तथ्य किती?

नेमकं काय घडतं?
धरणाच्या पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ यांचे सेंद्रिय घटक विरघळलेले असतात. क्लोरीन जंतू मारतं, पण या घटकांशीही त्याची रासायनिक क्रिया होते. त्यातून क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. या गटाला ट्रायहॅलोमिथेन, थोडक्यात ‘टीएचएम’ म्हणतात. नेदरलँड्समधील रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ मध्ये हे दाखवून दिलं.

धोका किती?
असं पाणी वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचं प्रमाण थोडं जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं. मात्र टीएचएम हेच त्याचं कारण, असं सिद्ध झालेलं नाही. तरीही खबरदारी म्हणून मर्यादा ठरल्या आहेत. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. अमेरिकेत टीएचएम गटातल्या चार संयुगांची मिळून मर्यादा ०.०८ मिलिग्रॅम आहे.

मग क्लोरीन बंद करायचं?
अजिबात नाही. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाची सुई दूषित पाण्याकडेच वळली. कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो दोन-चार दिवसांत किंवा आठवड्यांत गाठतात. टीएचएमचा प्रश्न अनेक वर्षांचा आहे.

उपाय काय?
खरा उपाय जलशुद्धीकरण केंद्रातच आहे. तुरटी आणि गाळणीने सेंद्रिय घटक आधी कमी केले, तर नंतर क्लोरीन टाकल्यावर टीएचएम कमी बनतात. घरी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर उपयोगी पडतो. त्याचं कार्ट्रिज मात्र वेळेवर बदला. झाकण न ठेवता पाणी उकळलं तरी टीएचएम बऱ्याच प्रमाणात उडून जातात.

पण प्रत्येक घराने फिल्टर घ्यावा, हे उत्तर होऊ शकत नाही. पाणीपट्टी सगळेच भरतात, फिल्टर सगळ्यांना परवडत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती उरलं, हे तपासलं जातं. टीएचएमचीही नियमित तपासणी व्हावी आणि प्रभागनिहाय आकडे वेबसाइटवर यावेत. त्यामुळे नगरसेवक पुढच्या वेळी भेटले, तर ‘पाणी किती वेळ येणार?’ सोबत ‘त्यात टीएचएम किती?’ हेही विचारा.