सरबत की शर्बेट?

मैत्रिणींनो, मागच्या मे महिन्यात आमच्याकडे चक्क सरबतावरून रडारड झाली. नणंदबाई इंग्लंडहून आल्या होत्या. त्यांच्या आठ वर्षांच्या लेकाने आल्याआल्या ‘शर्बेट’ मागितले. सासूबाईंनी कौतुकाने कोकमाचे सरबत केले, वर जिरेपूड घातली. पठ्ठ्याने एक घोट घेतला आणि पेला सारला. "हे नाही!" सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण चेहरा उतरला तो उतरलाच.

खुलासा नणंदबाईंनी केला. तिकडे शर्बेट म्हणजे जिभेवर फसफसणारी आंबटगोड पूड. ज्येष्ठमधाची काळी कांडी तीत बुडवून मुले चाटतात. शब्द मात्र आपल्या सरबताचाच भाऊ, अरबीतल्या ‘पिणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. तुर्कस्तानात बाळंतिणीला आणि तिला बघायला येणाऱ्यांना दालचिनी-लवंग घातलेले लाल शरबत देतात (आपल्या डिंकाच्या लाडवांची आठवण झाली ना?). अमेरिकेत हाच शब्द फळांचा रस आणि थोडे दूध घालून गोठवलेल्या पदार्थाला आहे. आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता निदान १० टक्के लागते, ह्यात १ ते २ टक्केच.

मग काय, पूड करायलाच घेतली. चार मोठे चमचे पिठीसाखर, दोन चहाचे चमचे सायट्रिक ॲसिड (खलबत्त्यात अगदी बारीक करून) आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा. धुण्याचा नव्हे हं! सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. आंबट आणि सोडा कोरडे असेपर्यंत शांत असतात. ओल लागली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच हा फेस. म्हणून भांडे, चमचा, हात सगळे खडखडीत कोरडे हवे. मी पहिल्यांदा ओला चमचा घातला आणि सगळी पूड वाटीतच फसफसून गेली. पावसाळ्यात तर सोडा वेगळाच ठेवावा, खायच्या वेळी मिसळावा. मुलांना चिमूटभरच द्या, मागाहून चूळ भरायला लावा. आंबटाने दात झिजतात.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपण होऊन त्या पुडीचा एक चमचा कोकमाच्या सरबतात टाकला. फेस पेल्याबाहेर! नातवाने दोन पेले रिचवले. ओट्यावरचे लाल डाग मी संध्याकाळपर्यंत घासत होते. तेव्हा पेला अर्धाच भरा.