सोडलेल्या माशांचा हिशेब

लोकांच्या पैशानें सरकार जें काम करतें, त्याचें फळ काय आलें हें पाहण्याची सोय त्या कामांतच असली पाहिजे. अमेरिकेंतील ग्रेट लेक्स नांवाच्या विस्तीर्ण सरोवरांत सोडल्या जाणाऱ्या माशांवर खूण करण्याच्या कार्यास कायद्याचा आधार द्यावा, अशा आशयाचें विधेयक तेथील काँग्रेसपुढें अलीकडे एकाहून अधिक वेळां मांडण्यांत आलें. विषय दूरचा व क्षुल्लक वाटेल. परंतु आमच्या व्यापारी वाचकांस त्यांतील मर्म तेव्हांच कळेल.

या सरोवरांत सरकारी केंद्रांतून दरसाल सालमन व ट्राउट जातींचीं लक्षावधि पिलें सोडण्यांत येतात. मिशिगन राज्यानें 1966 मध्यें कोहो व 1967 मध्यें चिनूक हे सालमन सोडले, ते एलवाइफ नांवाच्या बेसुमार माजलेल्या लहान माशास त्यांनीं खाऊन आटोक्यांत ठेवावें म्हणून. योजना फळास आली. गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची रीघ लागली व किनाऱ्यावरील गांवांचा व्यापार वाढला. पण खाणारीं तोंडें किती, याचा हिशेब कोणापाशीं होता? सोडलेलीं पिलें मोजलेलीं होतीं. नदीनाल्यांत आपोआप जन्मलेलीं नव्हतीं, आणि एकदां पाण्यांत मिसळल्यावर दोहोंत भेद दिसेना. हुरॉन सरोवरांत 2003-04 च्या सुमारास एलवाइफचा जवळजवळ निःपात झाला. कारणें अनेक होतीं, तरी चिनूकच्या भुकेचा त्यांत मोठा वाटा होता. मागोमाग चिनूकची मासेमारी बसली, आणि तिच्यावर पोट भरणाऱ्या दुकानदारांचा व नाववाल्यांचा धंदाही बसला.

खुणेची रीत अशी. पिलाच्या पाठीवरील शेपटीजवळचा लहानसा मांसल पर कापतात, व नाकाडांत सुमारें 1.1 मिलिमीटर लांबीचा, अंक कोरलेला तारेचा तुकडा बसवितात. हें काम आतां बहुतांशीं यंत्रें बसविलेल्या गाड्यांत, पिलास हात न लावतां होतें. पुढें तो मासा सांपडला, कीं तार काढून सूक्ष्मदर्शकाखालीं वाचावयाची. तो कोठें व केव्हां सोडला होता तें समजतें. गांठोड्यावरील मार्का आणि वहींतील नोंद यांचा जो संबंध, तोच हा.

अशा खुणांच्या पाहणींतून निघालें काय? मिशिगन सरोवरांतील चिनूकपैकीं निम्म्याहून अधिक मासे आपोआपच जन्मलेले आढळले! 2013 मध्यें तेथें चिनूक सोडण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें कमी करण्यांत आलें. ही काटकसर नव्हे, ही दूरदृष्टि होय.

कोणी म्हणतील, यास कायदा कशाला? वार्षिक अनुदान पुरे आहे. आमचें उत्तर असें कीं, आज खूण केलेलें पिलूं तीनचार वर्षांनीं मोठें होऊन हातीं येतें. मध्यें एका वर्षीं पैसा तुटला, तर वहीचें एक पान कायमचें कोरें राहतें. दरसालच्या मर्जीवर असें काम चालत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वॉशिंग्टन राज्यानें 1995 मध्यें कोहोवर खूण करण्याचा कायदा केला. त्या खुणेच्या बळावर तेथें पुष्कळ ठिकाणीं खुणेचा मासा ठेवावा व बिनखुणेचा पाण्यांत सोडावा असा नियम झाला. सोडलेल्यांपैकीं कांहीं मरतात, आणि तहानें मासेमारीचा हक्क मिळालेल्या अनेक मूळच्या जमातींनीं या पद्धतीस विरोध केला. त्यांची तक्रार आम्ही रास्त मानतों. पण ती खुणेचा उपयोग कसा करावा याविषयींची आहे. मेलेलेही हिशेबांत धरा आणि जमातींस विचारून नियम करा. नोंदवही मात्र जाळूं नका.

आपल्याकडेही धरणांच्या जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांचें मत्स्यबीज सरकारी योजनांतून सोडण्यांत येतें. किती बीज सोडलें हा आंकडा सांगणें सोपें आहे. त्यांतलें जगलें किती, आणि कोळ्याच्या जाळ्यांत आलें किती, हा आंकडा त्याच्या शेजारीं दरवर्षीं छापला जावा, अशी मागणी आमच्या वाचकांनीं आपल्या प्रतिनिधींकडे अवश्य करावी.