संगणकयुगातील दाते आणि याचक

माहिती तंत्रज्ञान जगातील गरिबांपर्यंत पोहोचविण्यासाठी जिनिव्हा (२००३) आणि ट्युनिस (२००५) येथे जागतिक शिखर परिषदा झाल्या. घोषणांना तोटा नव्हता. त्यासाठीचा निधी मात्र ऐच्छिक ठेवला गेला, आणि ऐच्छिक निधीचे जे व्हायचे तेच झाले! आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ सालीही २६० कोटी माणसे इंटरनेटपासून वंचित होती.

भारताने वेगळी वाट चोखाळली. राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी २००४ साली अखिल आफ्रिकी संसदेपुढे प्रस्ताव मांडला : आफ्रिकेतील विद्यापीठे आणि रुग्णालये उपग्रहाद्वारे भारतातील संस्थांशी जोडावीत. इथिओपियातील प्रयोगानंतर २००९ साली हे जाळे कार्यान्वित झाले. पुढे चाळीसहून अधिक देश त्यात आले. यंत्रे पाठवून हात झटकणे सोपे असते. येथे पडद्यापलीकडे शिक्षक होता, डॉक्टर होता.

२०१९ साली ई-विद्याभारती आणि ई-आरोग्यभारती हा पुढचा टप्पा सुरू झाला. आता भाषेचा प्रश्न हाती घ्यावयास हवा. अम्हारिक भाषेला स्वतःची लिपी आहे. तिच्यात शिकणाऱ्याने ज्ञानासाठी इंग्रजीच्या दारात किती काळ तिष्ठावे? भारतीय लिप्या संगणकावर रुजविण्याचा पुण्याच्या सी-डॅकचा अनुभव दिल्लीने या कामी आफ्रिकेस द्यावा.