पाहुण्यांची खोली, आईचा कट्टा

बेंगळुरूत हेब्बाळसारख्या उपनगरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाचा फ्लॅट बहुधा दोन-तीन खोल्यांचाच असतो. गावाहून आई राहायला आली, की तिचे अंथरूण बैठकीच्या खोलीत पडते. सकाळी दारावरची घंटी वाजली, की ते घाईघाईने गुंडाळायचे. मुलाच्या घरी तिलाच पाहुण्यासारखे वाटते! म्हणून बैठकीची सजावट करताना आधी आईची जागा ठरवा.

खिडकीखाली सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, अठरा इंच उंच कट्टा करा. दिवसा बैठक, रात्री पलंग. वर लावायला देवनहळ्ळीकडचा सादरहळ्ळी ग्रॅनाइट उत्तम. हा करडा दगड चकचकीत न करता थोडा खडबडीतच ठेवा आणि कडा मात्र गोल करून घ्या.

वजनाचा हिशेब विसरू नका. दोन इंच जाडीची एवढी फरशी सुमारे 190 किलो भरते, तर 20 मिलिमीटर जाडीची सुमारे 75 किलो. घराच्या स्लॅबचा आराखडा साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून केलेला असतो. म्हणून पातळ फरशीच घ्या आणि विटांऐवजी सागवानी चौकटीवर, दर दोन फुटांवर आधार देऊन बसवा. त्याआधी इंजिनिअरचा सल्ला जरूर घ्या. चौकटीत खण केले, तर आईचे कपडे, औषधे, पोथ्या हाताशी राहतील.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. डिसेंबरच्या रात्री दगड गार पडतो. त्यावर कापसाची जाड गादी आणि सोलापुरी चादर हवीच. दगडाचा कठीणपणा आणि सुताची ऊब एकमेकांना छान खुलवतात.

आता पडदा. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावावरून जिला नाव मिळाले, ती इरकल साडी दोन्ही प्रांतांतल्या बायकांची लाडकी. जुन्या सुती नऊवारीचा पडदा छताजवळच्या दांडीवर लावला, तर करड्या दगडाशेजारी तिचे काठ उठून दिसतील. दिवसा तो बाजूला सारायचा, रात्री ओढला की आईची स्वतंत्र खोली तयार.

फक्त साडीला कात्री लावण्यापूर्वी आईला विचारा. कदाचित ती म्हणेल, “कापू नकोस, नुसती दुमडून टाक.” मग तसेच करा. अखेर ती खोली तिचीही आहे.