नीलम : श्रद्धा आणि पारख

नवरत्नांपैकी नीलम हे शनीचे रत्न. मानवले तर रंकाचा राव करते, न मानवले तर रावाचा रंक, अशी लोकसमजूत आहे. म्हणूनच अंगठी घडविण्यापूर्वी खडा उशाखाली ठेवून स्वप्नावरून कौल घेण्याची रूढी पडली.

शास्त्रदृष्ट्या नीलम आणि माणिक ही एकाच कुरुंद खनिजाची भावंडे. काठिण्य ९, हिऱ्याच्या खालोखाल. लोह व टायटॅनियम यांच्या अंशामुळे निळाई येते. काश्मीरच्या पाडर भागात १८८१ च्या सुमारास सापडलेला मखमली निळाईचा नीलम विशेष मोलाचा मानतात. आपल्या पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळणारे निळे स्फटिक मात्र कॅव्हन्साइटचे. काठिण्य जेमतेम ३ ते ४. ते संग्रहात शोभतात, अंगठीत टिकत नाहीत.

विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून कृत्रिम नीलमही बनतो. घडण व काठिण्य तेच असल्याने तो ओरखड्याने ओळखता येत नाही. ज्वालेत घडविलेल्या खड्यातील वक्र रेषा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

सोनेतारण कर्ज देताना बँक खड्याचे वजन वजा करते. परिणामी वडिलोपार्जित नीलमाचे मोल बहुधा वाटणीच्या दिवशीच विचारले जाते आणि भावाभावांत कटुता येते. म्हणून वडीलधारी मंडळी असतानाच रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे. ईश्वरपूरहून त्यासाठी पुण्या-मुंबईस जावे लागले, तरी तो खर्च भांडणाहून स्वस्तच.

शनिपीडेच्या निवारणार्थ आपण मुनिसुव्रत भगवंतांची आराधना करतो. तिला प्रमाणपत्र लागत नाही, खड्याला लागते.